हवा आत, धूर बाहेर

जुनी जिप्सी किंवा महिंद्राची जीप घेऊन माझ्याकडे येणारा माणूस सहसा तक्रार सांगत नाही, थेट उपाय सांगतो. "हेडर टाकायचाय." (म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या वेगवेगळ्या नळ्यांचा संच.) "तो कोनासारखा फिल्टर बसवा." "सायलेन्सर काढून दोन इंची सरळ पाइप द्या." गाडीला नेमकं होतंय काय, असं विचारलं की जरा वेळ डोकं खाजवतो आणि म्हणतो, "पिकअप नाही." तमिळ माणूस असला तरी शब्द तोच, पिकअप. एवढ्या एका शब्दावर माझं घर चाललंय, त्यामुळे त्याची चेष्टा करायचा मला हक्क नाही.

मी मूळचा विट्याकडचा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोन्याच्या गलाईसाठी देशभर पांगलेल्या घरांपैकी आमचं एक. वडिलांनी, म्हणजे आबांनी, आधी चेन्नईच्या सौकारपेटेत दुसऱ्याच्या दुकानात सोनं गाळलं. पुढे टी. नगरात सराफांच्या पेढ्या वाढल्या तशी उस्मान रोडमागच्या एका बोळात स्वतःची भट्टी टाकली. राहायला मात्र रुळांच्या अलीकडे, वेस्ट मांबलमला. भाडं कमी, आणि मांबलम स्टेशनचा पूल ओलांडला की दुकान. शाळेला सुट्टी लागली की मलाही भट्टीपुढे बसावं लागे. आबा म्हणायचे, "जाळाकडं काय बघतोस? धूर कुठनं जातोय ते बघ." धुराडं अरुंद झालं की धूर कोंडायचा हे कुणालाही कळतं. पण फार रुंद केलं तरी तो वर न चढता खोलीतच घुटमळतो, जाळ मंदावतो आणि मुशीतलं सोनं वेळेवर पातळ होत नाही, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. इंजिनातलं मला जे समजतं त्यातलं निम्मं त्या धुराड्याचं आहे.

मी भट्टीवर बसलो नाही. डिप्लोमा केला, अंबत्तूरला इंजिनांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं तपासणी खात्यात काढली, आणि नंतर लेक व्ह्यू रोडजवळच्या एका गल्लीत पत्र्याची शेड घेऊन जुन्या फोर बाय फोर गाड्या दुरुस्त करायला लागलो. लेक व्ह्यू म्हणायला. तळं बुजवून 1920 च्या दशकात टी. नगर वसवलं गेलं. रस्त्याचं नाव तेवढं राहिलं. पाण्याला मात्र आपली जागा आठवते, त्याबद्दल पुढे सांगतोच.

इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे त्याच्या पोटात जास्त हवा घालायची. इंधन जास्त ओतणं सोपं आहे, हवा मिळवणं अवघड. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. 1298 सीसीची जिप्सी 3000 आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चालवली तर मिनिटाला दोन हजार लिटरच्या घरात हवा ओढते. ही हवा कुठून येते, वाटेत कुठे अडते, किती तापते आणि जळून झाल्यावर बाहेर कशी पडते, एवढाच सगळा मामला.

कंपन्यांनी हे काम कसं केलं ते पाहिलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलिस जीपा जोडायला सुरुवात केली. युद्धकाळातल्या विलिसच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलेंडरच्या बाजूला असत. 2.2 लिटरचं ते इंजिन 60 घोड्यांचं. पुढे विलिसने तोच ब्लॉक आणि तीच 2.2 लिटरची क्षमता ठेवून इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि मोठा केला. ताकद सत्तरीच्या पुढे गेली. पण इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेट उचललं, आणि 1953 ची सीजे-3बी जन्मली. आपल्याकडे पोलिसांपासून पाटबंधारे खात्यापर्यंत आणि प्रचारसभांपासून लग्नाच्या वरातीपर्यंत जी उंच कपाळाची जीप दिसायची, तिचं ते कपाळ हवेच्या वाटेसाठी वाढलेलं आहे. महिंद्राने ती पुढे कित्येक दशकं बनवली. गंमत म्हणजे या पेट्रोल इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. "मॅनिफोल्ड बदलून द्या" म्हणत कुणी आलं की मी बॉनेट उघडून म्हणतो, दाखवा कुठला बदलायचा ते.

जिप्सीचंही तसंच. 1985 च्या शेवटी आली ती 970 सीसी आणि 45 घोडे घेऊन. 1996 मध्ये 1298 सीसीची जिप्सी किंग आली, 60 घोड्यांची. 2000 मध्ये त्याच 1298 सीसीला आठऐवजी सोळा व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन मिळालं, आणि घोडे झाले 80. सिलेंडर तेवढाच, पिस्टनची धाव तेवढीच. नवं हेड, नवा कॅम, दुप्पट व्हॉल्व्ह आणि संगणकाने मोजून फवारलेलं इंधन, एवढा सगळा खटाटोप केल्यावर सुझुकीच्या इंजिनिअरांना 20 घोडे मिळाले. मग फिल्टरच्या डब्यावर दहा घोड्यांचं आश्वासन छापलेलं दिसलं की मला त्या इंजिनिअरांची दया येते.

तोंडी वाद घालून गिऱ्हाईक ऐकत नाही, हे मला लवकर उमगलं. म्हणून मी गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब आणली. यू आकारात फळीवर ठोकली, अर्धी पाण्याने भरली, पाण्यात शाईचे थेंब टाकले. तिचं एक टोक फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या नळीला जोडायचं, दुसरं उघडं. फळी डाव्या सीटवर मालकाच्या मांडीवर द्यायची आणि गाडी फ्लायओव्हरवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चढवायची. (चेन्नईत चढ म्हणजे फ्लायओव्हर. कत्तिपाराचा वळसा आमच्या उपयोगाचा, अर्थात पहाटे.) फिल्टर जितका अडवेल तितकं पाणी एका बाजूला वर चढतं. हिशेब सोपा आहे: वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचा साधारण दहा मीटरचा खांब. तेव्हा पाणी दहा सेंटिमीटर सरकलं तर हवेतला एक टक्का फिल्टरने खाल्ला.

स्वच्छ कागदी फिल्टर असलेल्या जिप्सीत पाणी पंधरा सेंटिमीटरच्या आगेमागे सरकतं. म्हणजे दीड टक्का. साठ घोड्यांतला एकही पुरता नाही. फिल्टर अजिबात नसला तरी याहून जास्त मिळणार नाही, मग महागड्या फिल्टरने काय मिळणार? मांडीवरच्या फळीतलं पाणी स्वतः पाहिलेला माणूस पुन्हा त्या विषयावर बोलत नाही. तुंबलेला फिल्टर असेल तर मात्र पाणी अर्धा मीटर, कधी त्याहून जास्त उसळतं. त्यावर उपाय म्हणून कंपनीचाच नवा कागदी फिल्टर बसवायचा. तो काही शे रुपयांत येतो, आणि माझी खरी अडचण तिथेच आहे. मापून दाखवलं की माल विकला जात नाही. जी. पी. रोडवर माझ्या ओळखीचे दुकानदार आहेत. त्यांच्याकडून हेडर आणि फिल्टर उचलून बसवले असते तर एका गाडीमागे जे सुटतं, ते टॅपेट लावून सुटायला महिना जातो.

ओएमआरवर संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या एका पोराची आठ व्हॉल्व्हची जिप्सी आठवते. हौसेने घेतलेली, रंग नवा, टायर मोठे, आणि हवेचा मूळ डबा काढून तिथे उघडा कोन-फिल्टर. फिल्टरचा फुस्स आवाज येई, त्यामुळे त्याला गाडी जोरात चालल्यासारखी वाटे. पण मोठ्या टायरांमुळे चौथ्या गिअरला तिचा जीव जाई. मी आधी एकाला पेडल पूर्ण दाबायला लावलं आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बॅटरीने पाहिलं. थ्रॉटलची पाकळी पाऊणच उघडत होती. केबल ताणलेली, त्यात पेडलखाली जाड मॅट. उरलेली ताकद त्या मॅटखाली पडून होती. मग टॅपेट तपासले, दोन घट्ट. इग्निशन टायमिंग मागे. इनटेक मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा घेत होती. वरून थोडं कार्ब क्लीनर मारलं की इंजिनचा सूर बदलायचा. हे सगळं एका दिवसाचं काम, नवीन सामान म्हणजे एक पॅकिंग आणि एक केबल. संध्याकाळी तो गाडी घेऊन गेला आणि अर्ध्या तासाने फोन आला, "सार, इंजिन बदललं का?"

त्याच्या कोन-फिल्टरचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच होता. मी थर्मामीटरची एक तार फिल्टरजवळ आणि एक पुढच्या जाळीबाहेर लावली. मे महिना, दुपार, वडपळनीचा ट्रॅफिक. बाहेर 38, बॉनेटखाली 70 च्या वर. तापलेली हवा विरळ असते. तीस अंशांचा फरक म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास हवा कमी. दीड टक्का वाचवायला नऊ टक्के घालवलेले. मूळ डब्याची ती कुरूप काळी नळी पुढून, रेडिएटरच्या बाजूने, बाहेरची हवा आणत असते; ती उगीच दिलेली नाही. त्याने डबा परत बसवला. कोन-फिल्टर माझ्या फळीवर ठेवून गेला, अजून तिथेच आहे.

धुळीचा हिशेब याहून कडू असतो. तेलात भिजवलेल्या कापडी फिल्टरमधून हवा सहज जाते, कारण जाळी मोठी असते. मग धूळही जाते. रस्त्यावरच्या गाडीला ते चालून जाईल. रानात एकामागे एक जाणाऱ्या गाड्यांमधली मधली गाडी पुढच्याची धूळच खात जाते. मी फिल्टरमागच्या नळीत आतून ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवतो आणि मालकाला सांगतो, दोन ट्रिपा करून या. आल्यावर नळी काढून बोट फिरवायचं. बोटांत कचकच लागली की ती वाळू रिंगांतून गेली असं समजायचं. एका खाणवाल्याच्या जुन्या डिझेल जीपचा ऑइल-बाथ एअर क्लीनर कुणीतरी 'जुनाट' म्हणून फेकला होता आणि ट्रॅक्टरच्या मापाचा एक भलताच फिल्टर वायरने बांधला होता. एका मोसमात रिंगा गेल्या, लायनरला पायरी पडली. ऑइल-बाथ खरोखरच जड, चिकट, कटकटीचा. हवा आत आली की तेलावर आपटून वळते, जड धूळ तेलात बसते. तो फेकणाऱ्याने त्याच्या तळाशी साचलेला गाळ एकदा बघायला हवा होता.

एक्झॉस्टबद्दल सांगायचं तर मला आधी कोळुक्कुमलैच्या जीपांबद्दल सांगावं लागेल. थेनी जिल्ह्याच्या टोकाला, केरळच्या सीमेवर, सात हजार फुटांच्या वर चहाचे मळे आहेत. वर जायची वाट सूर्यनेल्लीहून, आणि ती वाट म्हणजे सुटे दगड. तिथले ड्रायव्हर पर्यटकांना भरून महिंद्राच्या जुन्या जीपा रोज वर नेतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सूर्योदयाकडे पाठ करून जीपांच्या खाली वाकून पाहत होतो. बायको अजून हे लोकांना सांगते. एकाही जीपला जाड पाइप नव्हता, हेडर नव्हता. बहुतेकांचा सायलेन्सर ठिगळ लावलेला, पण मापाने मूळचाच. चढताना ड्रायव्हर लो गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय जवळजवळ काढूनच घेत होता, आणि इंजिन हळूहळू, एकेक ठोका मोजत, गाडी वर नेत होतं.

रानातली गाडी 1500 ते 2500 आरपीएमवर जगते. सोळा व्हॉल्व्हच्या जिप्सीचे 80 घोडे 6000 आरपीएमला मिळतात. दगडांवरून तिथवर जायची वेळ कधी येत नाही. जळलेला वायू पाइपातून वेगाने गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि तो सिलेंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात, त्या क्षणी ही ओढ ताजी हवासुद्धा आत खेचते. पाइप जाड केला की वायू सुस्तावतो आणि ही ओढ तुटते. वरच्या आरपीएमला, जिथे धूर भरपूर असतो, तिथे जाड पाइपाचा फायदा होतो. खालच्या आरपीएमला होता तो दम जातो. शर्यतीच्या गाडीला ते परवडतं. शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हापासून मद्रासच्या मेकॅनिकांना सरळ पाइपाची गोडी आहे, पण तिथे चढ नव्हता आणि दगडही नव्हते.

एक गृहस्थ हेडर आणि दोन इंची सरळ पाइप बसवून कोल्ली मलैला गेले. त्या घाटाला सत्तर हेअरपिन वळणं आहेत. वळणावर गाडी मंदावली की दुसऱ्या गिअरला उचलेना, पहिला टाकला तर बोंबलायची. मग हाफ क्लच. वर पोहोचेपर्यंत क्लच प्लेटचा वास गाडीत भरला. माझ्याकडे आले ते क्लच बदलायला. मी क्लच बदलला आणि विचारलं, पाइप पण बदलू का? ते नाराज झाले, कारण खर्च झाला होता आणि आवाज त्यांना आवडत होता. शेवटी मध्यममार्ग निघाला: हेडर राहू दिला, पण त्याच्या पुढे मूळ मापाचा पाइप आणि कंपनीचा सायलेन्सर. दुसऱ्या गिअरला 20 वरून 50 किलोमीटरपर्यंत जायला लागणारा वेळ आधी आणि नंतर स्टॉपवॉचने घेतला. फरक त्यांनी स्वतः मोजला म्हणून मान्य केला.

याचा अर्थ जुना एक्झॉस्ट जसाच्या तसा ठेवावा असा नाही. समुद्राच्या हवेत सायलेन्सर आतून सडतो, आतले पत्रे सुटून वाट अडवतात. बाहेरून ठणठणीत दिसतो. इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन 2500 वर धरून ठेवलं आणि काटा हळूहळू खाली घसरत गेला, की धूर मागे तुंबतोय असं ओळखावं. अशा गाडीला नुसता नवा सायलेन्सर, तोही साधा, घालून मिळणारा फरक पाहिला की माणसं मला जादूगार समजतात.

डिझेलवाल्यांचं थोडक्यात. एमएम 540 चं 2112 सीसीचं इंजिन मूळ प्यूजोचं, आपल्या इगतपुरीत बनलेलं, 62 घोड्यांचं. येरकाडच्या एका कॉफीवाल्याने पंपाचा स्क्रू फिरवून जास्त डिझेल सोडायला लावलं होतं. मिळाला काळा धूर. येरकाड पंधराशे मीटरवर. तिथे हवाच चौदा-पंधरा टक्के विरळ, ती आणखी डिझेल जाळणार कशाने? एअर क्लीनरमध्ये नोकराने इंजिनचं जुनं तेल खुणेच्या वर भरलेलं, सायलेन्सरमध्ये काजळीचा थर. दोन्ही साफ केले, नोझल तपासून घेतले, पंप कॅलिब्रेशनला पाठवून मूळ मापावर आणला. धूर गेला आणि दम आला. त्याला नंतर टर्बो बसवायचा होता. मी नाही म्हटलं. ज्याचे पिस्टन आणि कूलिंग टर्बोसाठी घडलेले नाहीत, त्याच्या छातीवर तो बसवायला माझा हात धजत नाही. कोइमतूरला कुणीतरी बसवून दिला असं कानावर आलं. चांगला चालत असेल तर आनंदच आहे.

मग 2015 चा डिसेंबर आला. एक तारखेला तांबरमला एका दिवसात 49 सेंटिमीटर पाऊस पडला, चेंबरंबाक्कम तलावातून पाणी सोडलं गेलं, अडयार नदी काठ सोडून वस्तीत शिरली. वेस्ट मांबलमच्या गल्ल्या भरल्या, रुळांखालचा दुरैसामी सबवे काठोकाठ, टी. नगर पलीकडे आणि आम्ही अलीकडे. वीज नाही, फोन नाही. शेडमध्ये गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि हत्यारांची पेटी तरंगत दाराशी आली होती.

पाणी ओसरू लागलं तशी गल्लीतली माणसं आपापल्या गाडीकडे गेली, आणि बहुतेकांचा हात आधी किल्लीकडेच गेला. मी घराघरांपुढे जाऊन ओरडत होतो, "स्टार्ट करू नका, आधी प्लग काढा!" हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. 1298 सीसीच्या इंजिनात पिस्टन वर पोहोचतो तेव्हा एका सिलेंडरमध्ये उरते ती जागा फक्त 40 सीसीच्या आसपास. 2112 सीसीच्या डिझेलमध्ये तर 25 सीसीच. त्याहून जास्त पाणी आत असलं की पिस्टन वर येऊच शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन घोट पाणी पुरतं. ज्यांनी ऐकलं त्यांची इंजिनं प्लग काढून, हाताने फिरवून, पाणी काढून, तेल दोनदा बदलून सुटली. तेल काढताना दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. ज्यांनी किल्ली फिरवली त्यांच्या गाड्यांचे वाकलेले रॉड मी पुढचे कित्येक महिने काढत होतो.

त्या पुरात दोन गाड्यांनी मला शहाणं केलं. एक होती स्नॉर्केल लावलेली जिप्सी. छतापर्यंत उंच नळी, दिसायला झोकदार, सबवेच्या उतारावर बंद पडली आणि रॉड वाकवून बसली. स्नॉर्केलचं तोंड छतावर होतं खरं, पण बॉनेटखालच्या सांध्याची क्लिप ढिली होती आणि एअर क्लीनरच्या डब्याला तळाशी असलेलं पाणी निचऱ्याचं भोक बुजवलेलं नव्हतं. गाडी हवा तिथूनच घेत होती. तेव्हापासून माझ्या शेडमधून स्नॉर्केलवाली गाडी एका परीक्षेशिवाय जात नाही. इंजिन चालू ठेवायचं, शिडीवर चढायचं आणि स्नॉर्केलच्या तोंडावर तळहात घट्ट दाबायचा. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. चालू राहिलं तर कुठेतरी खाली दुसरं नाक आहे. नवीन बसवलेल्या स्नॉर्केलांपैकीही पुष्कळ पहिल्या फटक्यात नापास होतात.

दुसरी गाडी होती एका म्हाताऱ्या ड्रायव्हरची उंच बॉनेटची डिझेल जीप, स्नॉर्केल वगैरे काही नाही. त्याने फॅन बेल्ट काढून ठेवला होता, म्हणजे पंख्याने पाणी इंजिनावर उडायला नको. लो गिअर, चालण्याच्या वेगाने, बंपरपुढे एक लहान लाट सतत ढकलत. थांबायचं नाही, वेग वाढवायचा नाही. तो आविनच्या दुधाच्या पिशव्या आणि पाण्याचे कॅन घेऊन गल्लीगल्लीत फिरत होता, अधूनमधून इंजिन तापलं की कोरड्या चढावर उभं करत होता. ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरना त्याने रबरी नळ्या लावून वर नेल्या होत्या, त्यामुळे गिअर ऑइलमध्येही पाणी गेलं नाही. घोडे किती असं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

त्या डिसेंबरपासून माझ्याकडे गाडी आली की मी आधी विचारतो, ही हवा घेते कुठून? बॉनेट उघडून तोंड शोधायचं, जमिनीपासून टेपने उंची घ्यायची आणि आतल्या बाजूला खडूने लिहायची. मालकाला तोच आकडा सांगायचा: पाणी इथपर्यंत आलं की गाडी घालू नका. 2021 च्या नोव्हेंबरात आणि 2023 च्या मिचौंग वादळात आमच्या भागात पुन्हा पाणी भरलं, तेव्हा खडूचा तो आकडा वाचून गाडी घरीच ठेवणारे काही निघाले.

आवाजाबद्दल बोलायचं राहिलं. आर्य गौडा रोडवर अयोध्या मंडपम आहे. मार्गळी महिन्यात पहाटे तिथे भजनं चालतात, गल्लीतल्या मामी अंधारातच कोलम काढायला अंगणात उतरतात. अशा पहाटे साडेचार वाजता माझ्या एका गिऱ्हाइकाने सरळ पाइपाची जिप्सी चालू केली, समुद्रकाठच्या ईसीआर रस्त्यावर सूर्योदय बघायला जायचं म्हणून. समोरच्या मामी रांगोळीचा डबा हातात घेऊन तडक शेडकडे आल्या. मला म्हणाल्या, "तंबी, तुझे वडील या गल्लीत इतकी वर्षं राहिले, त्यांचा आवाज कधी ऐकू आला नाही." एवढंच. गिऱ्हाईक मान खाली घालून गेलं. कायदाही तेच सांगतो, जरा कमी चांगल्या भाषेत. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे. सायलेन्सरशिवायचा पाइप मी आता बसवत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. ती ज्यांच्याकडे गेली त्यांच्या शेडसमोर मामी राहत नसाव्यात.

सध्या शेडमध्ये 1998 ची आठ व्हॉल्व्हची जिप्सी उभी आहे. मालक तिरुवण्णामलैकडचे शेतकरी, त्यांच्या मुलाला हेडर हवाय, चित्र मोबाइलवर आहे. कॉम्प्रेशन घेतलं तर तिसरा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली. हेड उतरवलं, तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळालेला निघाला. पुदुपेटेतून एक जुनं हेड आणलं होतं, ते तडकलेलं निघालं, परत केलं. आता मूळचंच लेथवाल्याकडे गाइड बदलायला दिलंय आणि तो म्हणतो पोंगलनंतर. मुलगा दर दोन दिवसांनी फोन करतो, हेडर मागवला का म्हणून. मी सांगतो, आधी तिसऱ्याचं कॉम्प्रेशन येऊ दे.